गच्चीवरच्या पाण्याची नोंद

४ फेब्रुवारी १९९५, शनिवार. वसंत पंचमी.

ही वही लिहावी लागते आहे ती खालच्या निगमबाईंमुळे. मला रोजनिशीची हौस नाही. वीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, तेव्हा लिहायचं ते शाळेचं. घरी येऊन आणखी लिहायला त्राण नसे. पण आज सकाळी बाई वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाभीजी, हमारी छत रो रही है."

लखनौच्या विकास नगरातल्या या घरात खाली त्या, वर आम्ही दोघं. आमच्या खोल्यांपुढची उघडी गच्ची म्हणजे त्यांच्या बैठकीचं छत. गच्चीवर परवा भाजीच्या कुंड्यांची माती चढली, काल भिजवली. आज त्यांच्या छताला ताटाएवढा ओला डाग.

खाली जाऊन पाहिला. कडा पिवळ्या आहेत, म्हणजे गेल्या पावसाळ्यातला जुना. तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "पुराना तो था, अब जवान हो गया है."

पेन्सिल आणली. त्यांच्याच स्टुलावर चढून डागाभोवती रेघ मारली, शेजारी तारीख घातली. "अच्छा! अब हमारी छत की भी कापी जाँचेंगी?" म्हटलं, हो.

ठरलं ते असं. पाणी मी एकटीनेच घालायचं, मोजून, आणि रोज लिहायचं. डाग रेघेबाहेर गेला तर सगळं खाली उतरवायचं. नाही गेला तर त्यांनी पुन्हा जिना चढायचा नाही. साठीला आले, आता शेजारणीला जाब द्यायचा. असो.

संध्याकाळी २ बादल्या. (पुढे सं., बा.)

६ फेब्रु.

खाली उतरवणं मला परवडणार नाही. का, ते इथे लिहून ठेवते. वही माझी आहे, निगमबाईंना (पुढे नि.) फक्त पाण्याचे आकडे दाखवायचे.

हे निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पंचवीस वर्षं वनस्पतींच्या संशोधनात गेली. संस्थेच्या क्वार्टरला जमीन होती, तिथे जेवायला हाक मारमारून घसा बसायचा. इथे आलो आणि हे वेताच्या खुर्चीत बसले. पेपर उघडा, पान तासभर तेच. दाढी तीन-तीन दिवस नाही. विचारलं तर "हूं."

डिसेंबरात छोटेलाल भेटायला आला. संस्थेतला यांचा माळी, तोही निवृत्त. गच्ची बघून म्हणाला, "साहब, इतनी धूप बेकार जाय रही है." हे उठले आणि गच्ची पावलांनी मोजली. लांबी, मग रुंदी. मी त्याच आठवड्यात कबाड्याकडे गेले.

मातीची आवड मला नाही. नखांत जाते. पण खुर्ची रिकामी दिसते आहे तोवर ही गच्ची चालू राहिली पाहिजे.

सं. २ बा.

११ फेब्रु.

एकूण तेरा. पिंपं कापून केलेले अर्धे ड्रम ४, वनस्पती तुपाचे चौकोनी डबे ६, मातीच्या नांदा २, जुन्या कूलरचा ट्रे १. प्रत्येकाच्या बुडाला यांनी खिळ्याने भोकं पाडली, त्यावर खापऱ्या उपड्या घातल्या. खाली विटा, म्हणजे निथळलेलं पाणी उताराने मोरीकडे जाईल. छोटेलालने घोश्याकडचं, म्हणजे इथल्या गवळ्याकडचं, कुजलेलं शेणखत आणि निंबोळीची पेंड आणली. सगळ्या घराला गोठ्याचा वास.

ड्रमांत दुधी, दोडका, काकडी, कारलं. डब्यांत चार भेंडीचे, दोन वांग्याचे. ट्रेमध्ये माठ. नांदांत अंबाडी. तिचं बी अमरावतीहून नणंदेने पोस्टाने पाठवलं.

भेंडीच्या चौथ्या डब्यावर यांनी पांढऱ्या रंगाने मोठा 'C' काढला. "हा कंट्रोल. याला खत नाही. पाणी फक्त रविवारी, एक तांब्या." म्हटलं, चार भेंड्या खायच्या आहेत, पेपर छापायचा नाही. म्हणाले, "कंट्रोल नसेल तर बाकीच्यांचं काही कळत नाही."

पूर्ण वाक्य. दीड वर्षात पहिलं असावं.

२० फेब्रु.

काकडी उगवली. दुधी नाही. सकाळी अजून गार आहे. मी म्हटलं, बी कुजलं. हे म्हणाले, थांब. मी थांबणाऱ्यातली नाही, पण थांबले.

नि. जिन्यात भेटल्या. "कितनी बाल्टी चल रही है?" दोन. "ईमान से?"

सं. २ बा.

२६ फेब्रु., रविवार

दुधी आली. दोन जाड पानं, बियाचं टरफल डोक्यावर टोपीसारखं. यांनी मला बोलावून दाखवली. दाढी केलेली.

पाणी मी ठरल्या वेळी घालते ते यांना पसंत नाही. "मातीला विचारून पाणी द्यावं. बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच." घातलं बोट. नखात माती.

सं. २ बा., कंट्रोलला १ तांब्या.

५ मार्च

माकडं आली, आठ-दहा. माठ उपटून फेकला, खाल्ला नाही. नुसतं नुकसान. हे काठी घेऊन धावले आणि मी यांच्यामागे. पडले असते तर? नि. खालून ओरडत होत्या, "डॉक्टर साहब, छोड़िए, हनुमान जी हैं!" मी वरून म्हटलं, तुमच्या हनुमानजींना तुमच्या अंगणात बोलवा. रात्रभर पाय दुखले.

माठ पुन्हा पेरला.

१२ मार्च

छोटेलाल रविवारी येतो, दोघं मिळून खुरपणी करतात. मी चहा देते. आज यांनी प्रत्येक कुंडीत लाकडी पट्टी रोवली. नाव, पेरणीची तारीख, खताची तारीख, अगदी संस्थेसारखं. अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

अंबाडीच्या पट्टीवर ११-२-६८ घातलंय.

६८ साली आम्ही लखनौला आलो. हात जुन्या वळणावर गेला असेल. माझंही होतं, जानेवारीत मागचं साल पडतं. ब्लेडने खरवडून ९५ केलं. त्यांना सांगितलं नाही.

सं. ३ बा. ऊन वाढलं.

१८ मार्च. काल होळीचा रंग झाला.

शुभा कानपूरहून दोन दिवस आली होती. मुलगी मराठीत जन्मली, हिंदीत वाढली. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आम्हाला दोघींना त्याचं काही वाटेनासं झालं.

आज निघताना म्हणाली, "आई, बाबा ने मुझसे तीन बार पूछा कि ट्रेन लेट थी क्या. मैं तो बस से आई हूँ."

म्हटलं, तू दिवसभर बडबडत होतीस, त्यांचं लक्ष नसेल.

"तीन बार, आई."

म्हटलं, तीन बार तर तीन बार. गच्ची बघ. दीड वर्ष जो माणूस उठत नव्हता त्याने बी लावलं.

"वो दिख रहा है. दूसरा भी दिख रहा है. आप मान क्यों नहीं लेतीं?"

मानण्यासारखं आहे काय त्यात. तिला डबा भरून दिला.

२१ मार्च

नि. वर आल्या नाहीत, खालूनच हाक मारली. "भाभीजी, पेन्सिल लेकर आइए."

डाग रेघेबाहेर. पूर्वेकडे चार बोटं, मोरीच्या बाजूला वीतभर. मी दुसरी रेघ मारली, तारीख घातली. हात भरून आला. म्हटलं, माझ्या तीन बादल्यांनी हे होणं शक्य नाही. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे बघितले आणि म्हणाल्या, "कापी तो फर्स्ट क्लास है. छत फेल है."

करारानुसार कुंड्या खाली यायला हव्यात. मी आठ दिवस मागून घेतले. मागावे लागले.

२४ मार्च

नळवाला आणला. मोरीचा पाइप तपासला, ठीक. न्हाणीघर, ठीक. टाकी ठीक, पण तो म्हणाला, टाकी सकाळीच अर्धी का? म्हटलं, पुरवठा कमी येत असेल. आठवडाभर रोजच सकाळी टाकी अर्धी आहे. पाण्याच्या ऑफिसात तक्रार लिहून दिली.

गच्चीच्या फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरून घेतलं. नि. ना कळवलं. म्हणाल्या, ठीक है, देखते हैं.

१ एप्रिल. पाडवा.

गुढी गच्चीवरच उभारली, दुधीच्या मांडवाला बांधून. कडुनिंब इथे हवा तेवढा. नि. अंगणातून वर बघत, "यह लोटा उल्टा क्यों टाँग दिया?" म्हटलं, आमचं नवं वर्ष आहे. "तो हमारी छत का भी नया साल हो!" श्रीखंड पाठवलं.

अंबाडीची पहिली खुडणी. भाजी केली, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. हे तीनदा वाढून घेऊन जेवले. नि. ना वाटीभर दिली. "यह तो पटुआ है भाभीजी, इसकी तो रस्सी बटते हैं. आप लोग रस्सी खाते हैं?" संध्याकाळी वाटी परत आली, चाटूनपुसून. "खट्टी थी, अच्छी थी. और रस्सी हो तो भेजिएगा."

४ एप्रिल

दुधीला फुलं. संध्याकाळी उमलतात, पांढरी. यांनी मला नर आणि मादी फूल ओळखायला शिकवलं. मादीच्या मागे इवलासा दुधी असतो, लव असलेला. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मोडायच्या, मादीला हळूच लावायचं. इथे वर मधमाशा येत नाहीत म्हणून आपण करायचं. सांगताना लॅटिन नाव, कुळ, कोणत्या साली कोणत्या प्लॉटवर किती उतारा आला, सगळं घडाघडा.

शुभाला फोन करून हे सांगावंसं वाटलं. केला नाही.

सं. ३ बा.

१२ एप्रिल, बुधवार

कंट्रोलचा डबा ओला.

आज बुधवार. मी रविवारी एक तांब्या घातला, काल त्यात भेगा होत्या, मी पाहिल्या. आज माती काळी, वर पाणी तरळलेलं. साडेसहाला उठून बाहेर आले तेव्हा.

निथळून आलं म्हणावं तर तो डबा एका बाजूला, विटेवर. मांजर नाही. माकड पाणी घालत नाही.

हे घालणार नाहीत. क्वार्टरमध्ये एकदा शुभाने, ती सात वर्षांची असेल, यांच्या कंट्रोलच्या कुंडीत पेल्यातलं पाणी ओतलं होतं. त्या दिवशी हे जेवले नव्हते. कंट्रोलला पाणी घालण्यापेक्षा हे हात तोडून देतील.

कारण शोधते आहे, सापडत नाही. उद्या लवकर उठायचं.

१३ एप्रिल

पाचला उठले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गच्ची दिसते. दिवा लावला नाही.

५.२५ — हे आले. बुशशर्ट खोचलेला, पायात संस्थेतले कॅनव्हासचे बूट. टाकीच्या नळावर झारी तीनदा भरली. ओळीने सगळ्यांना घातलं. कंट्रोललाही. आत गेले, बूट काढले, पेपर घेतला.

५.५० — पेपर ठेवला. बूट घातले. दुधीच्या ड्रमात बोट खुपसलं. ओलंच निघालं, मला इथून दिसलं. बोटाकडे बघत उभे राहिले. मग झारी भरली.

६.१५ — पुन्हा.

साडेसहाला मी नेहमीसारखी बाहेर आले. म्हणाले, "अगं, आज पाणी द्यायला हवं. पहाटेपासून बघतोय, सगळं सुकलंय."

बुटांतून पाणी निघत होतं.

झारी दहा लिटरची, फेरीला तीन, फेऱ्या तीन. नव्वद लिटर. माझ्या बादल्या वेगळ्या. दोन महिने या वहीत लिहिलं त्यातली एकही ओळ खोटी नाही आणि एकीचाही उपयोग नाही.

नंतर मी चहा केला. साखर विसरले. यांनी तसाच घेतला.

१४ एप्रिल

झारी कोठीत ट्रंकेमागे ठेवली.

१६ एप्रिल, रविवार

लिहू नये असं वाटतं. म्हणून लिहिते.

दोन दिवस हे झारी शोधत होते. शांतपणे, एकेक जागा. आज छोटेलाल आला, पेंडीची पिशवी घेऊन. हे त्याच्यावर धावूनच गेले. "छोटेलाल, झारी कहाँ ले गए? पच्चीस साल हमारे स्टोर से एक खुरपी नहीं गई, और अब तुम..." पुढचा शब्दही बोलले. चोर. या माणसाच्या तोंडी मी आयुष्यात शिवी ऐकली नव्हती.

छोटेलालने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. ट्रंक तिथून बारा पावलांवर.

मी काही बोलले नाही.

तो म्हणाला, "अब हम का कहें, बहूजी. साहब कहत हैं तो ले गए होंगे." पिशवी भिंतीशी ठेवली, यांना हात जोडले आणि गेला. आम्ही लखनौला आलो तेव्हापासून तो मला बहूजी म्हणतो. चहा तसाच.

मुली कॉपी करताना सापडल्या की मी विचारायची, गप्प का बसलीस? गप्प बसणं हेही उत्तर असतं, असं म्हणायची. वर्गभर ऐकू जाईल असं.

१७ एप्रिल

झारी नाही तर तांब्याने घालतात. न्हाणीघर ते गच्ची. मी मोजल्या, एकेचाळीस खेपा. फरशी निसरडी झाली. लपवून काय मिळवलं?

शुभाला फोन केला. म्हटलं, तू म्हणत होतीस ते. मग पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आई, मी बघते." डॉक्टरांची वेळ २ मेची मिळाली. ती रजा घेऊन येईल.

२० एप्रिल

नि. च्या छताचा पोपडा पडला. सोफ्यावर, कोणी बसलेलं नव्हतं. आवाज वरपर्यंत आला. त्या वर आल्या नाहीत, हाकही मारली नाही.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल

दुपारी वही घेऊन खाली गेले. बैठकीत प्लास्टरचा चुरा झाडून कोपऱ्यात लावलेला. वर माझ्या दोन रेघा, एकीची तारीख अर्धी पडून गेलेली.

म्हटलं, "इसमें जो लिखा है सच है, पर पूरा नहीं है." मग सांगितलं. पहाटेचं, बुटांचं, बोटाचं. हिंदीत सांगता आलं. मराठीत कोणाला सांगता आलं नसतं.

नि. नी वही उघडलीच नाही. "भाभीजी, हम तो रोज सुनते हैं. सिर के ऊपर बूट की आवाज. तीन बार, किसी दिन चार बार. हम समझे आपको पता है, आप ही छिपा रही हैं. इसी का तो गुस्सा था."

मला माहीत नव्हतं.

"पास सोने वाले को सबसे बाद में पता चलता है." मग पाणी आणलं, माझ्यासमोर ठेवलं. "हमारी अम्माजी, मतलब सास. खाना खाकर उठतीं, हाथ धोतीं, और बाहर जाकर मुहल्ले से कहतीं, बहू ने सुबह से भूखा रखा है. साल भर हमने लड़ाई की. फिर अक्ल आई. थाली छोटी कर दी. चार बार माँगें, चार बार दो. थोड़ा-थोड़ा."

हसल्या. मलाही हसू आलं, कसं ते कळलं नाही.

"झारी छोटी कर दीजिए. और यह सब नीचे ले आइए. पीछे आँगन कच्चा है, दिन भर डालें, धरती पी लेगी. हम पाँच बजे से उठे ही रहते हैं, नजर में रहेंगे."

म्हटलं, तुम्हाला त्रास. म्हणाल्या, "तकलीफ तो छत से थी. आदमी से थोड़े ही."

निघताना, "कापी ले जाइए, हमें नहीं चाहिए." आणली.

२२ एप्रिल

सवारी टेंपोने निशातगंजला. छोटेलाल बाजारामागच्या गल्लीत मुलाकडे राहतो. दारात खाटेवर बसला होता. मोठी झारी मी बरोबर नेली होती, कापडात गुंडाळून. पुढे ठेवली. म्हटलं, ही मी लपवली होती. त्या दिवशी मी तिथेच होते आणि बोलले नाही. चूक माझी.

झारी उलटसुलट करून बघितली. "हम जान गए रहे, बहूजी. साहब का सामान अपने आप नहीं हिलता. और इतनी बड़ी झारी चुराय के हम धरेंगे कहाँ? हियाँ तो खटिया धरे की जगह नाहीं."

मी माफी मागितली. शब्द वापरला. त्याने कानाला हात लावला, नको म्हणून. मग म्हणाला, "साहब कब से ऐसे हैं?" ६८ ची पट्टी मी मार्चात खरवडली. त्याआधी काय काय खरवडलं असेल, आठवत नाही. कुंड्या खाली न्यायच्या आहेत, तेवढं सांगितलं.

"कल इतवार है. गमले उतरवाने हैं न? आएँगे."

येताना बाजारातून लहान मुलांची प्लास्टिकची झारी घेतली. लाल. लिटरभर पाणी मावतं.

२३ एप्रिल, रविवार

छोटेलाल सातला आला. यांनी त्याला बघून म्हटलं, "आओ छोटेलाल, बहुत दिन में आए." तो म्हणाला, "हाँ साहब, फुरसत नहीं मिली." यांना झारीचं काहीच आठवत नाही. छोटेलालला सगळं आठवतं आणि तो पेंड चाळायला बसला.

यांना सांगितलं, कुंड्या खाली जाणार, ऊन फार आहे, पुढे लूचा गरम वारा सुटेल. खरंही आहे. म्हणाले, "हरकत नाही. पण चार्ज दिल्याशिवाय काही हलणार नाही." संस्थेत तसंच होतं. बदली असो, निवृत्ती असो, आधी यादी, मग सही.

खुर्ची गच्चीत मांडून बसले आणि सांगू लागले, मी लिहिलं. तेराच्या तेरा कुंड्या क्रमाने, पट्ट्यांकडे न बघता. खत कोणत्या तारखेला, बी कुठलं, कोणत्या वांग्याला अळी होती. एक चूक नाही. मी लिहिता लिहिता थांबले तर म्हणाले, "पुढे लिही, अक्षर नीट काढ."

नि. वर आल्या होत्या, पदर खोचून. हे म्हणाले, "चार्ज कौन ले रहा है?"

"हम, डॉक्टर साहब."

"आपका पद?"

नि. नी माझ्याकडे पाहिलं. "पड़ोसन."

"लिही," मला म्हणाले. "पड़ोसन."

यांनी सही केली, नि. नी केली. यांनी सहीखाली जुना हुद्दा घातला. मी खरवडला नाही.

कंट्रोलचा डबा हलवू दिला नाही. प्रयोग अर्ध्यावर असताना कंट्रोलची जागा बदलत नाहीत म्हणे. राहिला वर, एकटाच. बाकी तिन्ही भेंड्या कमरेएवढ्या झाल्या, हा वीतभर, पण एक कळी आहे. आज रविवार, मी एक तांब्या घातला. घालून वळले तर हे तिथेच उभे. "आज रविवार आहे ना?" म्हटलं, हो. "मग ठीक."

उद्या सकाळी जिना उतरून जातील की रिकाम्या गच्चीत येऊन उभे राहतील, माहीत नाही. पाचला उठणार आहे.

दोन मे नंतरचं दोन मे नंतर.

वरच्या यादीची माझ्याकडची प्रत, शेवटच्या दोन ओळी माझ्या. आज सकाळी नऊला श्रीमती निगम यांना दिलं ते:

अर्धे ड्रम ४ — दुधी (दोन फळं धरलेली), दोडका, काकडी, कारलं.
भेंडीचे डबे ३. वांग्याचे डबे २.
नांदा २, अंबाडी. खुडायला तयार.
कूलरचा ट्रे १, माठ.
खुरपं १. निंबोळी पेंड, अर्धी पिशवी.
झारी १, लहान, लाल.
जिन्याच्या दाराची दुसरी किल्ली.
हे, सकाळी साडेपाच ते सात.